रिमास्टर खरंच भारी की नुसता मोठ्या आवाजाचा? जुन्या जॅझच्या एडिशन घरच्या घरी ताडून बघायची पद्धत

माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' ऐकायचा म्हणून कुठलंही ॲप उघडा, तोच अल्बम तीन-चार वेळा समोर येतो, एकावर रिमास्टर्ड लिहिलंय, एकावर लेगसी एडिशन, एकावर मोनो, आणि सीडी-एलपीच्या बाजारात शिरलात तर मोजायचा नादच सोडा. वाजवणारे तेच सातजण, रेकॉर्डिंग तेच, १९५९ च्या २ मार्च आणि २२ एप्रिलचं, न्यूयॉर्कच्या थर्टीएथ स्ट्रीटवरच्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओतलं. तरी एक एडिशन ऐकून माणूस म्हणतो वा, न दुसरी ऐकून म्हणतो हे काय मेल्यासारखं वाजतंय. सोलापुरात तर हे बोलायलाही फार माणसं नाहीत, जॅझ ऐकतो म्हटलं की पहिला प्रश्न 'म्हणजे ते केनी जी का बे?' (तो गुळगुळीत, लोकप्रिय सॅक्सोफोनवाला) असा येतो, त्यामुळं कुठली एडिशन घ्यायची हे ज्याचं त्यानं आपल्याच कानांनी ठरवावं लागतं. ते ठरवायचं कसं, तेवढंच इथं लिहितोय.

आधी रिमास्टर म्हणजे काय ते थोडक्यात. मूळ टेपवरचं मिक्सिंग झालेलं असतं, त्यावरून पुन्हा ट्रान्सफर, म्हणजे नवी कॉपी, घ्यायचा, बास-ट्रेबल थोडं इकडंतिकडं करायचं, लेव्हल ठरवायची, खरखर काढायची की ठेवायची ते बघायचं, झालं रिमास्टर. यात सॅक्सोफोन वेगळा उचलून मोठा करता येत नाही, त्याला रिमिक्स लागतं न रिमिक्सला वेगवेगळे ट्रॅक लागतात. काइंड ऑफ ब्लू तीन ट्रॅकच्या टेपवर आहे म्हणून त्याचं पुढं नवीन मिक्स करता आलं. ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीचं तसं नाही, तिथं रूडी व्हॅन गेल्डर नावाचा चष्म्याच्या नंबरांचा डॉक्टर न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग करायचा (१९५९ मध्ये एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला), वाजवणारे वाजवतायत तेव्हाच तो बॅलन्स ठरवून थेट मोनो नाहीतर दोन ट्रॅकच्या टेपवर उतरवायचा, त्यामुळं नंतर कोणी कितीही 'नवीन मिक्स' म्हणून विकलं तरी विश्वास ठेवू नका.

आता मुद्द्याचं. दोन एडिशन शेजारी शेजारी ऐकल्यावर जी मोठ्या आवाजाची असते तीच आपल्याला चांगली वाटते, कायम. माझं कान सोडा, मोठमोठ्या इंजिनिअरचंही हेच होतं. फरक अर्धा-एक डेसिबल एवढाच असला तर 'ही मोठी आहे' असं जाणवतसुद्धा नाही, जाणवतं ते असं की हिच्यात बास भरीव आहे, झांज स्वच्छ आहे, सगळं जवळ आल्यासारखं वाटतंय. याचं कारण असं की आपला कान हळू आवाजात खालचे न वरचे सूर कमी ऐकतो, आवाज वाढवला की ते आपोआप वर येतात, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. आणि नव्वदीच्या दशकानंतर सीड्या अधिकाधिक मोठ्या आवाजात छापायची जी शर्यत लागली त्यात जॅझही सुटलं नाही, त्यामुळं नवीन रिमास्टर जुन्या सीडीपेक्षा चार-पाच डेसिबल मोठा निघणं यात काही नवल नाही. म्हणून आवाज सारखा केल्याशिवाय एकही मत बनवायचं नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं करा.

कसं करायचं तर ऑडॅसिटी फुकट आहे, ते लॅपटॉपवर टाका. दोन्ही एडिशनची फाइल पाहिजे, म्हणजे सीडीवरून काढलेली किंवा विकत घेतलेली, स्ट्रीमिंग ॲपमधली गाणी त्यात उघडत नाहीत. सीडीवरून काढायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी बरं पडतं, हल्लीच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीवाला बाहेरचा मिळतो. दोन्ही फाइल एकाखाली एक लावा, आणि एकाच सुरापासून एकाच सुरापर्यंत कापा, अगदी झूम करून, कारण एकीत सुरुवातीला तीन सेकंद शांतता न दुसरीत अर्धा सेकंद असं असलं तर पुढचं मोजमाप चुकतं. मग दोन्ही निवडून लाउडनेस नॉर्मलायझेशन नावाचा इफेक्ट लावा, आकडा उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं माप) ठेवा. एवढा खाली का, तर वरती जागा राहते, न जुन्या एडिशनचे उंच उंच फटके कापले जात नाहीत. पीक नॉर्मलाइज नावाचा जो दुसरा पर्याय असतो तो यासाठी वापरू नका, त्यानं फक्त सगळ्यात उंच टोकं जुळतात, कानाला ऐकू येणारा आवाज जुळत नाही.

हे करताना लाटांचं चित्र समोर दिसतंच, तेही बघून घ्या. जुन्या ट्रान्सफरमध्ये ड्रमचे फटके सुळक्यासारखे वर निघालेले दिसतात, दाबलेल्या रिमास्टरमध्ये वरची कड कातरीनं छाटल्यासारखी सपाट. पण नुसत्या चित्रावर निकाल देऊ नका. इंटरनेटवर डायनॅमिक रेंजचे (हळू न मोठ्या आवाजातल्या अंतराचे) आकडे घेऊन भांडणारी जी जमात आहे ना, त्यांच्या हे लक्षात येत नाही की एलपीवरून काढलेल्या फाइलचा आकडा बहुतेक वेळा फुगूनच येतो, मास्टरिंग तेच असलं तरी, सुईच्या न खाचेच्या गडबडीनं लाटेची टोकं हलतात म्हणून. एलपी १३ न सीडी १० म्हणजे एलपी भारी, असं होत नाही.

ज्यांच्याकडं फक्त मोबाइल आणि ॲप आहे त्यांनी निदान सेटिंगमध्ये जाऊन इक्वलायझर, डॉल्बी, बास बूस्ट जे काय असेल ते बंद करा, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारं) बंद करा, आणि व्हॉल्यूम नॉर्मलाइजचं बटण मात्र चालू ठेवा. एरवी लोक सांगतात ते बंद करा म्हणून, पण तुलना करताना त्याचाच उपयोग आहे, ते थोडंफार तरी लेव्हल जुळवतं. ब्लूटूथ नको, वायरचा हेडफोन लावा.

जागेचं बोलायचं तर आपल्याकडं तीन अडचणी, पंखा, पॉवरलूम आणि उन्हाळा, न तिन्ही एकमेकांत गुंतलेल्या. पूर्व भागात राहत असाल तर मागाची खटखट दिवसभर चालू असते न आपल्याला तिची इतकी सवय झालेली असते की ती आहे हेच कळत नाही, पण झांजेचा विरत जाणारा शेवटचा भाग आणि टेपची बारीक सळसळ नेमकी तिच्याखाली गाडली जाते, आणि रिमास्टरमधला निम्मा फरक तर तिथंच असतो. पंख्याचं दुखणं वेगळं, स्पीकरवर ऐकताना पात्यांमुळं आवाज हलल्यासारखा होतो. आता मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना पंखा बंद करा असं सांगणाऱ्याला लोक मारतील, त्यामुळं पहाटे पाच-साडेपाचची वेळ गाठा नाहीतर सरळ कानावर बसणारा बंद हेडफोन घ्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेव्हा होम मैदानाच्या आसपासच्यांनी हा उद्योगच करू नये, यात्रेला जावं.

स्पीकरवरच ऐकणार असाल तर स्पीकर न तुम्ही यांच्या मधल्या बाजूच्या भिंतींवर जाड सोलापुरी चादर टांगा, दुहेरी घडी करून, भिंतीपासून चार बोटं सोडून. टाळी वाजवून बघा, आधी जो झिणझिण परत येतो तो कमी झालेला कळेल. बासला मात्र चादरीनं काही होत नाही, कोपऱ्यात घुमत असेल तर गुंडाळलेली गादी उभी करा. आणि लॅपटॉप चार्जिंगला लावून ऐकू नका, अर्थिंग धड नसलं की हेडफोनमध्ये बारीक गुणगुण येते न आपण म्हणतो हे रिमास्टरच खराब आहे.

आता ऐकायचं काय. अख्खा अल्बम ऐकून 'ही जरा उबदार वाटते' असं म्हणण्यात अर्थ नाही, दहा-वीस सेकंदांचे तुकडे निवडा आणि प्रत्येक तुकड्यात एकच गोष्ट बघा.

'सो व्हॉट'पासून सुरू करा, कारण यात एक भानगड आहे जी आपल्या लोकांना लगेच पकडता येईल. २ मार्चला मुख्य टेप मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळं ती टेप बरोबर वेगानं वाजवली की सूर चढा येतो. अल्बमच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी त्या दिवसाची, न कित्येक वर्षं जगभर ती चढीच विकली गेली. शेजारी दुसरं मशीन सेफ्टी कॉपी म्हणून चालू होतं, त्याचा वेग बरोबर होता, १९९२ च्या एडिशनपासून त्यावरून दुरुस्ती झाली. तपासायचं कसं, तर मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप आहेच बऱ्याच जणांकडं. आधी दुसऱ्या बाजूचं 'ऑल ब्लूज' लावा, त्याचा सा पांढरी पाच, तानपुरा बारीक सेंट्समध्ये (सुरातला बारीक फरक मोजायचं माप) फिरवून पियानोशी जुळवा. तो बारीक आकडा तसाच ठेवून सा पांढरी दोनला आणा न 'सो व्हॉट' लावा. एडिशन दुरुस्त केलेली असेल तर जवळपास बसतं, जुनी असेल तर रेकॉर्ड तानपुऱ्याच्या वर तरंगत राहते, ऐकवत नाही. मधल्या आठ मात्रांच्या… आठ बारच्या तुकड्यात सगळंच काळी दोनला सरकतं, तेव्हा घाबरू नका, ते गाण्यातच आहे. ओळखीचे एक हार्मोनियमवाले काका आहेत, त्यांना जॅझमधलं काही माहीत नाही पण पहिल्या मिनिटात म्हणाले हा तर काफी थाट, आणि दुसऱ्या मिनिटात म्हणाले हे चढं आहे रे, टेप नीट लाव. असा कान असलेला माणूस शेजारी असेल तर हजारोंच्या डॅकपेक्षा (डिजिटल फाइलचा आवाज करणाऱ्या डब्यापेक्षा) तो बरा.

त्याच गाण्यात माइल्सचा सोलो सुरू होतो तिथं ड्रमवरचा जिमी कॉब एक मोठी झांज मारतो, आणि ती वाजतच राहते. ते पाच-सहा सेकंद परत परत ऐका. चांगल्या ट्रान्सफरमध्ये आधी काठीचा टोला, मग पितळेचा पसरट आवाज, मग तो हळूहळू विरत बास आणि ट्रंपेटच्या मागं जातो आणि तिथंही थोडा वेळ ऐकू येतो. ट्रेबल वाढवलेल्या एडिशनमध्ये पहिला क्षण फार भारी वाटतो, चकचकीत, पण पुढचं नुसतं फस्स. आवाज दाबलेल्या एडिशनमध्ये उलटं होतं, टोला बोथट न शेपूट मात्र पाहिजे त्यापेक्षा मोठं, काही वेळा झांज विरायच्या ऐवजी फुगल्यासारखी वाटते. हे एकदा कानात बसलं की कुठल्याही रेकॉर्डवर ओळखू येतं.

खरखर काढण्याचं प्रकरण तपासायला बिल इव्हान्सच्या 'वॉल्ट्झ फॉर डेबी'सारखी रेकॉर्ड नाही. २५ जून १९६१, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, लोक गप्पा मारतायत, ग्लास आपटतायत, न इकडं पॉल मोशन ब्रश फिरवतोय इतका हळू की श्वास रोखावा. (बासवरचा स्कॉट लाफॅरो यानंतर दहा-अकरा दिवसांत अपघातात गेला, पंचविसाव्या वर्षी.) पहिलंच गाणं लावा, डोळे मिटा, आणि पियानोकडं लक्षच देऊ नका, खोलीकडं द्या. ग्लासचा आवाज ग्लाससारखा येतोय का, मागचे लोक माणसं वाटतात का नुसतं पुटपुटणं, ब्रशची सरसर अखंड आहे का तुटक. जिथं सॉफ्टवेअरनं टेपची सळसळ जास्तच पुसलीय तिथं ब्रशही सोबत पुसला जातो, कारण दोन्ही एकाच जातीचे आवाज, मशीनला कसा फरक कळणार. आणि सळसळ पूर्ण गायब न पियानोचा सूर आला की तेवढ्यापुरती मागनं डोकावते असं झालं तर ती एडिशन बाजूला ठेवा. थोडी सळसळ ऐकू येणं ही चांगली खूण आहे, माझं तरी असंच मत आहे, पाच मिनिटांत कान ती विसरतो.

ड्रमच्या ताकदीसाठी सॉनी रॉलिन्सच्या 'सॅक्सोफोन कोलोसस'मधलं 'सेंट थॉमस', १९५६ चं, सुरुवातच मॅक्स रोचच्या ड्रमनं. नाहीतर डेव्ह ब्रूबेकचं 'टेक फाइव्ह', त्यातला जो मोरेलोचा सोलो, ज्यात फटक्यांइतकीच मधली रिकामी जागा महत्त्वाची आहे. दाबलेल्या एडिशनमध्ये हळू टोला न जोरात टोला जवळपास सारखेच येतात.

'सॅक्सोफोन कोलोसस' मोनो रेकॉर्डिंग आहे, त्यावरून आणखी एक तपासणी. काही कंपन्यांनी साठ-सत्तरच्या दशकात मोनो रेकॉर्डिंगला नकली स्टिरिओ करून विकलं, एका बाजूला बास एका बाजूला ट्रेबल असलं काहीतरी. तुमची फाइल ऑडॅसिटीत उघडून स्टिरिओचे दोन मोनो ट्रॅक करा, एक इन्व्हर्ट करा, म्हणजे त्याची लाट उलटी करा, न दोन्ही एकत्र वाजवा. खरा मोनो असेल तर संगीत गायब, राहिली तर थोडी सळसळ. गाणं ऐकू येत असेल तर कोणीतरी कलाकारी केलीय.

हीच युक्ती दोन एडिशनवर लावली तर फार मजा येते. लेव्हल न वेळ अगदी सॅम्पलगणिक (डिजिटल फाइलमधल्या एकेका ठिपक्यागणिक) जुळवा, एक इन्व्हर्ट करा, वाजवा. शांतता आली तर 'नवीन' रिमास्टर म्हणजे जुनंच मास्टरिंग नव्या कव्हरात आहे, पैसे वाचले. असं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

मग शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून परीक्षा, म्हणजे एबीएक्स. फूबार२००० फुकट आहे, त्याला एबीएक्सचा जोड मिळतो, दोन फाइल द्यायच्या, ते एक्स म्हणून त्यातली एक वाजवतं न तुम्ही सांगायचं कुठली. सोळा वेळा करा. बारा बरोबर आले तर फरक खरंच ऐकू येतोय असं धरायला हरकत नाही, नुसत्या अंदाजपंचे एवढे यायची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते. आठ-नऊ आले तर नाणं उडवल्यासारखंच आहे, मग महागाची एडिशन कव्हरसाठी घ्या, बिनधास्त घ्या, कव्हर पण भारी असतात ब्लू नोटची. फक्त लक्षात ठेवा की वेगवेगळ्या रिमास्टरमध्ये फरक ओळखू येणं सोपं असतं, कुठला चांगला हे एबीएक्स सांगत नाही, ते वरच्या तुकड्यांवरून तुम्हीच ठरवायचं. पण सीडीची फाइल न तीच २४ बिट १९२ किलोहर्ट्झवाली 'हाय-रेझ' फाइल, मास्टरिंग एकच असताना, यांच्यात सोळापैकी बारा काढून दाखवा म्हणावं कोणालाही.

ॲनालॉगच्या भक्तांसाठी २०२२ चा किस्सा. मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीच्या एलपी लोक शुद्ध टेप ते तबकडी समजून घेत होते, त्या जुलैत उघड झालं की त्यातल्या बऱ्याच एलपींच्या मध्ये डीएसडी नावाच्या फॉरमॅटची डिजिटल पायरी होती, कित्येक वर्षं. केवढा गदारोळ झाला, कोर्टापर्यंत गेलं. पण त्याआधी त्याच एलपी ऐकून 'डिजिटलमध्ये हे कधी येणारच नाही' असं लिहिणारे कमी नव्हते. कंपनीनं सांगायला पाहिजे होतं हे खरंच, पण कानांचं काय झालं मग?

एलपी न सीडी यांची तुलना करताना तुम्ही मास्टरिंगसोबत आपला टर्नटेबल, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), सुईची झीज न फोनो स्टेज (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) पण तोलत असता, हे मान्य करून टाका. तबकडी ओल्या ब्रशनं साफ करा, सुईचं वजन तराजूवर मोजा, न पत्र्याच्या छताखाली माळ्यावर एलपी ठेवू नका, आपल्या उन्हात वाकते, उभ्याच ठेवा, घट्ट दाबून नाही.

घ्यायच्या आधी पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. ब्लू नोटची टोन पोएट मालिका, २०१९ पासूनची, तिच्यावर केविन ग्रेचं नाव असतं न मूळ टेपवरून ॲनालॉग काम असतं, ती डोळे झाकून घ्यावी अशी आहे, महाग आहे पण. नव्वदीच्या शेवटी व्हॅन गेल्डरनं स्वतः आपल्याच जुन्या टेपांचं जे आरव्हीजी एडिशन केलं ते मला थोडं कडक वाटतं, ज्यानं रेकॉर्ड केलं त्यानंच रिमास्टर केलं म्हणजे तेच सर्वोत्तम असं काही नसतं, लेव्हल जुळवून ऐका मग कळेल. युरोपातनं येणाऱ्या स्वस्त एलपींपासून जरा सांभाळून, तिकडं १९६२ पर्यंत निघालेल्या रेकॉर्डिंगचे हक्क संपलेत त्यामुळं कोणीही छापू शकतं, टेप हातात नसली तरी. पाठीवर मास्टरिंग करणाऱ्याचं नाव नाही, टेपचा उल्लेख नाही, नुसतं १८० ग्रॅम न 'ऑडिओफाइल' लिहिलंय, म्हणजे कुठल्यातरी सीडीवरनं कापलेली असायची शक्यता धरून चाला.

आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जाणं झालंच तर जुन्या सीड्यांचे ढीग चाळा, ऐंशीच्या दशकातल्या, त्या आवाजाची शर्यत सुरू व्हायच्या आधीच्या असतात, कोणी विचारत नाही म्हणून स्वस्तात जातात. त्यातल्या काही अगदी सुरुवातीच्या सीड्यांवर प्री-एम्फसिस असतो, म्हणजे ट्रेबल मुद्दाम वाढवून ठेवलेला, जो प्लेअर वाजवताना परत कमी करतो, पण लॅपटॉपवर फाइल काढताना तो तसाच राहू शकतो. तेव्हा अशी सीडी लॅपटॉपवर कर्कश वाटली तर फेकू नका, आधी साध्या सीडी प्लेअरवर लावून बघा, न कुठली फाइल कुठल्या सीडीची ते कॅटलॉग नंबरासकट फाइलच्या नावातच लिहून ठेवा.